मोठ्या वर्दीनंतर जवानांच्या मनावरच्या आघाताचे उपचार: कोणते, कधी आणि नोकरी सांभाळून कसे?

पाळीप्रमुख

नमस्कार. नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रासाठी एक लेखी पद्धत ठरवायची आहे, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो. फायरमन, लिडिंग फायरमन, चालक आणि वर्दीवर (आग-अपघाताच्या बोलावण्यावर) सोबत येणारे १०८ रुग्णवाहिकेचे डॉक्टर व पायलट म्हणजे चालक, या सगळ्यांचा विचार करायचा आहे.

१. लहान मुलं दगावलेली वर्दी झाली की दुसऱ्याच दिवशी अख्ख्या पाळीला एका खोलीत बसवून ‘काय पाहिलंत, काय वाटलं’ हे प्रत्येकाकडून वदवून घ्यावं, असा प्रस्ताव आहे. करावं का?

२. ‘समुपदेशन’ या एका शब्दाखाली सगळंच येतं. आघातावर खरंच लागू पडणारे उपचार कोणते? बैठका किती, आणि बैठकीत नेमकं काय करतात?

३. चोवीस तास ड्युटी, चोवीस तास सुट्टी या पाळीत ते बसतात का? उपचार चालू असताना माणसाला वर्दीवर न्यायचं की नाही?

४. झोपेच्या गोळ्यांचं काय?

५. ‘नोंद झाली तर बढती जाईल’ या भीतीनं कुणी पुढे येत नाही. कायदा काय म्हणतो?

कदंब

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण नुकसान तिथेच होऊ शकतं. सक्तीचं सामूहिक सत्र घेऊ नका.

ही पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत आपत्कालीन सेवांसाठीच मांडली. २४ ते ७२ तासांत गट बसवायचा आणि सात टप्प्यांत सगळं बोलून घ्यायचं. हेतू चांगलाच होता. पण अशा एका बैठकीनं पुढचा आजार टळतो का, हे तपासल्यावर फायदा दिसला नाही. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. १३ महिन्यांनी पाहिलं तेव्हा सत्र झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी, म्हणजे घटनेची लक्षणं मनात टिकून राहण्याचा आजार) होता, न झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. ते रुग्ण होते, जवान नव्हते, आणि सत्र मिळालेल्या गटातले लोक मुळातच जास्त भाजलेले होते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. तरी उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत असं सत्र आजार टाळायला किंवा बरा करायला देऊ नये, असं स्पष्ट आहे.

केंद्रावर हे कसं बिघडतं ते सांगतो. चालक खाली पंपावर उभा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात काय होतं, ते त्यानं पाहिलेलंच नाही. सत्रात ते त्याला तपशिलासकट ऐकावं लागतं आणि घरी जाताना तेही चित्र सोबत येतं. ज्याला गप्प राहायचं आहे त्याला सगळ्यांसमोर बोलावं लागतं, आणि वरिष्ठ समोर बसलेले असताना तो खरं बोलतही नाही.

मग करायचं काय? पहिल्या दिवशी साधी कामं. गाडी केंद्रावर परतली की आंघोळीला पाणी, गरम जेवण, घरी फोन. राखेनं आणि रक्तानं माखलेला गणवेश घरी धुवायला पाठवू नका, केंद्रावरच धुऊन घ्या. नेमकं काय झालं, किती जण वाचले, याची खरी माहिती सगळ्यांना द्या, कारण अर्धवट माहितीतल्या रिकाम्या जागा मन स्वतःच्या दोषानं भरतं. ज्याला बोलायचं आहे त्याला बोलू द्या, फक्त खणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र हेच आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. होज कुठे फाटला, शिडीला उशीर का झाला, हा तांत्रिक आढावा जरूर घ्या, पण वेगळा, आणि त्यात भावना विचारू नका.

त्यानंतर लक्ष ठेवायचं. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समधून आलेली एक पद्धत पोलीस आणि अग्निशमन दलांतही वापरतात. पाळीतलेच दोन-तीन प्रशिक्षित सहकारी साधारण तिसऱ्या दिवशी आणि पुन्हा महिन्यानं ठरावीक प्रश्न घेऊन भेटतात. हा उपचार नाही. कोण सावरतोय आणि कोण रुततोय, एवढंच त्यातून कळतं. पहिल्या आठवड्यात झोप उडणं, दचकणं, तेच दृश्य दिसणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. त्याला आजार म्हणू नका.

महिन्यानंतर पीसीएल-५ ही आघाताची लक्षणं मोजणारी प्रश्नावली भरून घ्या. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले की तज्ज्ञाकडे पाठवायचं. प्रश्न मागच्या महिन्याबद्दल असतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी भरलेल्या कागदाला अर्थ नाही. निदान तज्ज्ञ मुलाखतीनंतरच करतो. सोबत दारूची ऑडिट प्रश्नावलीही द्या: १० प्रश्न, ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले तर दखल घ्यायची. झोप येत नाही म्हणून सुरू झालेला पेग हीच पुष्कळदा पहिली खूण असते.

मरणाची भाषा आली, तर महिना मोजत बसू नका. त्याच दिवशी, सोबत माणूस देऊन, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

नदीकाठ

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर लिहिते.

‘बोलून मोकळं व्हा’, प्राणायाम, ताणमुक्ती शिबिर यांनी बरं वाटतं, पण पक्का झालेला आघातोत्तर ताणविकार त्यानं जात नाही. पुरावा सगळ्यात भक्कम आहे तो आघातावरच केंद्रित असलेल्या उपचारांचा. ठळक तीन: दीर्घ सामोरेपणाचा उपचार, विचार-प्रक्रिया उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा उपचार). साधारण ८ ते १२ बैठका धरा. अनेक वर्षांच्या अनेक घटना साठल्या असतील तर जास्त.

सामोरेपणाचा उपचार एडना फोआ यांनी विकसित केला. ८ ते १५ बैठका, प्रत्येकी ९० मिनिटं. पहिल्या दोन बैठकांत आजार समजावतात आणि टाळल्या जाणाऱ्या गोष्टींची उतरंड करतात. तिसऱ्यापासून माणूस डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात सांगतो: ‘मी जिना चढतोय, हाताला भिंत गरम लागतेय.’ हे ३० ते ४५ मिनिटं, पुन्हा पुन्हा. उपचारक दर पाच मिनिटांनी त्रासाचा आकडा विचारतो, ० ते १००. शेवटची १५-२० मिनिटं त्यातून काय उमगलं यावर. बैठक ध्वनिमुद्रित होते आणि ती रोज एकदा घरी ऐकायची असते.

जवानांच्या बाबतीत दोन जागी हमखास चुकतं. एक, कोणती घटना घ्यायची. पंधरा वर्षांच्या नोकरीत शेकडो मृत्यू पाहिलेले असतात. सगळ्यात जास्त बळींची घटना निवडू नका. झोपेत आणि जागेपणी जी स्वतःहून परत येते, ती निवडा. बहुधा ती छोटी असते, कधी एकाच मृतदेहाची. दोन, सांगण्याची भाषा. ‘सदर ठिकाणी पोहोचलो, दोन लाइन टाकल्या, शोध घेतला.’ हा पंचनामा झाला. आकडा २० च्या वर जात नाही आणि उपचारकाला वाटतं, याला त्रासच नाही. तिथे वास विचारावा, हातातलं वजन विचारावं, मास्कच्या काचेतून काय दिसत होतं ते विचारावं. उलट टोकाची चूकही होते: माणूस रडू लागला की उपचारक घाबरून थांबवतो. मग रुग्ण एवढंच शिकतो की ही आठवण खरंच झेपण्यापलीकडची आहे.

आता प्रत्यक्ष सामोरं जाण्याची उतरंड. आगीत मुलाचा मृत्यू पाहिलेल्या फायरमनसाठी ती साधारण अशी होऊ शकते, आकडे त्रासाचे. घरी बसून केंद्राच्या घंटेचं ध्वनिमुद्रण ऐकणं, २५. दिवसा त्या इमारतीच्या गल्लीतून चालणं, ४०. मटण भाजतात त्या दुकानासमोर उभं राहणं, ५५, कारण त्या वासानं कित्येकांचं मांसाहारी जेवणच सुटतं. बीए सेट (धुरात श्वास घ्यायचा सिलिंडर आणि मास्क) लावून मोकळ्या मैदानात थांबणं आणि दाब कमी झाल्याची शिटी वाजू देणं, ६५. सरावाच्या धूर-खोलीत जोडीदारासोबत जाणं, ८०. सुरुवात ४० च्या आसपास करायची, प्रत्येक पायरीवर ३० ते ४५ मिनिटं किंवा आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. मध्येच पळालं तर भीती उलट पक्की होते.

इथे एक भेद नीट कळायला हवा. फायरमनच्या कामातला धोका खरा असतो, त्यामुळे ‘घाबरण्यासारखं काही नाही’ हे वाक्य त्याला सांगू नये. धुरात शिरण्यापूर्वी सिलिंडरचा दाब एकदा पाहणं ही शिस्त. तोच पाच वेळा पाहणं, रात्री तीनदा उठून घरातल्या गॅसचं बटण तपासणं, मुलांना दुसऱ्या खोलीत झोपू न देणं, हा आजार. पहिलं ठेवायचं, दुसरं कमी करायचं. जवानांचं काम न समजणारा उपचारक दोन्हींना एकच समजतो, आणि मग माणूस चिडून जाणं बंद करतो.

विचार-प्रक्रिया उपचार पॅट्रिशिया रेसिक यांचा. १२ बैठका, तासाभराच्या. घटना तपशिलात सांगणं सक्तीचं नाही, म्हणून काहींना हा सोपा जातो. पण लेखी घरपाठ रोज असतो. पहिल्या बैठकीनंतर एक पानभर लिहायचं: हे का घडलं असं मला वाटतं, आणि त्यानं माझ्याबद्दल, माणसांबद्दल, जगाबद्दल काय बदललं. त्यातून अडकलेले विचार शोधतात. समजा विचार असा आहे: ‘मी आधी डावीकडच्या खोलीत शिरलो म्हणून उजवीकडचं मूल गेलं.’ उपचारक समजूत घालत नाही, प्रश्न विचारतो. आत शिरताना मूल कुठे आहे हे माहीत होतं का? कुणी सांगितलं होतं, किती वाजता? धुरात किती फूट दिसत होतं? भिंतीला हात लावून एका बाजूनं शोध घ्यायचा, हे शिकवलेलंच आहे ना? मूल उजवीकडे होतं हे नंतर कळलं, आणि मन ती नंतरची माहिती आधीच्या क्षणात नेऊन बसवतं. मग तीन शब्द वेगळे करतात: दोष, जबाबदारी आणि आधी न कळण्यासारखं. नुकसान करण्याचा हेतू असेल तरच दोष. हे वेगळेपण माणसाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात कागदावर उतरतं, तेव्हा फरक पडतो. ‘तुझी काही चूक नाही रे’ हे तर त्यानं शंभर जणांकडून ऐकलेलं असतं.

ईएमडीआर फ्रान्सिन शपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. आठ टप्पे. त्रासदायक चित्र मनात धरून उपचारकाच्या बोटांमागे डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे, थोडं थांबायचं, जे आलं ते सांगायचं, पुन्हा. त्रास ० ते १० मध्ये मोजतात, आणि ‘मला शक्य होतं ते मी केलं’ यासारखं वाक्य किती खरं वाटतं ते १ ते ७ मध्ये. लेखी घरपाठ फारसा नसतो, हे पाळीवाल्यांना सोयीचं. शेवटी पुढच्या वर्दीचा सराव मनातल्या मनात करतात, तो भाग गाळू देऊ नका. आधीचे तयारीचे टप्पे वगळून थेट बोटं फिरवणारे लोक आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. प्रशिक्षण पूर्ण झालं का आणि देखरेखीखाली काम केलं का, हे सरळ विचारा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा साधा निकष धरा.

आता पाळी. आठवड्याला एक बैठक, आणि ती ड्युटी उतरल्यावर लगेच नको. रात्रभर जागलेल्या माणसाला त्यातलं काही टिकत नाही. आधी झोप, मग संध्याकाळी बैठक. घटना सांगण्याच्या पहिल्या तीन-चार बैठकांना दुसऱ्या दिवशीही सुट्टी जोडा, कारण स्वप्नं तेवढ्यापुरती वाढतात. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर ‘उपचारानं बिघडलं’ म्हणून चौथ्या बैठकीला माणूस गळतो. ऑस्ट्रेलियात आपत्कालीन सेवेतल्या १०० जणांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला एक अशा १२ बैठका होत्या. एका गटाला दर वेळी घटना ४० मिनिटं सांगायची होती, दुसऱ्याला फक्त १०. फायदा दोन्ही गटांना सारखाच झाला. एवढा वेळ सहन होत नाही म्हणणाऱ्या जवानाला हे जरूर सांगा.

वर्दीवर न्यावं का? सरसकट बंद करू नका. घरी बसवलेला फायरमन टाळायला शिकतो आणि पाळीतून तुटतो. पण बीए सेटमध्ये गुदमरून मास्क ओढून काढत असेल, मध्येच हरवल्यासारखा होत असेल, गाडी चालवताना जुनं दृश्य डोळ्यांसमोर येत असेल किंवा कामावर दारू पिऊन येत असेल, तर आत शिरण्याचं आणि गाडीचं काम तात्पुरतं काढा. पंप, साहित्याची देखभाल, सराव ही कामं द्या. पीसीएल-५ ची मागच्या आठवड्याबद्दल विचारणारी आवृत्ती दर दोन आठवड्यांनी भरा. १० गुणांची घट म्हणजे खरी सुधारणा. सहा बैठकांनंतर आकडा हललाच नसेल तर उपचारकाला कारण विचारा: घरपाठ होतोय का, घटना चुकीची निवडली का, दारू आड येतेय का.

पाळीप्रमुख

पंचनाम्याचा मुद्दा अगदी पटला, बोलतात ते असंच. एक उपप्रश्न: दरडीसारख्या ठिकाणी शोध अर्धवट थांबवावा लागतो. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबला. यंत्रं वर नेता येत नव्हती, हातानं खणणं चाललं होतं. अशा कामानंतर ‘आपण त्यांना तिथेच सोडून आलो’ हे वाटतं, त्याला वरचे प्रश्न कसे लावायचे? इथे तर ते खरंच आहे.

नदीकाठ

बरोबर पकडलंत. इथे वाद घालून विचार खोडायला जाऊ नये. शरीरं तिथेच राहिली, ही वस्तुस्थिती आहे. तपासायचा असतो तो पुढचा अर्थ: ‘म्हणजे मी कर्तव्य सोडलं.’ निर्णय कुणाचा होता, उतार पुन्हा घसरण्याचा धोका किती होता, खणणाऱ्यांचे जीव कुणाच्या हवाली होते, हे प्रश्न तिथे लावायचे. उरतं ते दुःख, आणि दुःखावर प्रश्नावली चालवायची नसते. त्याला जागा द्यावी लागते. काहींना त्या जागी परत जाऊन नमस्कार करून यावंसं वाटतं. उपचाराचा भाग म्हणून, सोबत कुणीतरी असताना, ते चांगलं आहे. आणि वरिष्ठांनी शोध का थांबवला याची कारणं खणणाऱ्यांना तोंडी, समोर उभं राहून सांगितलेली असावीत. ते काम उपचारकाचं नाही, तुमचं आहे.

बहावा

गोळ्यांबद्दल. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, मी फक्त औषधाचा प्रकार सांगतो.

क्लोनाझेपाम आणि अल्प्राझोलाम या झोपेच्या, शामक गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहून मिळतात. घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या लक्षणांसाठी या प्रकारच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलं आहे. सवय लागते, वर दारू असेल तर श्वास मंदावू शकतो, आणि सामोरेपणाच्या उपचारात मन जे नव्यानं शिकायला हवं, ते शिकणं अडतं. फायरमनच्या बाबतीत आणखी एक: पहाटे चारला घंटा वाजते तेव्हा रात्रीची गोळी रक्तात असते आणि पाय शिडीवर असतो. आधीच रोज घेत असाल तर एकदम मात्र तोडू नका, झटके येऊ शकतात. हळूहळू, डॉक्टरांच्या हातानं.

ज्यांना बैठका नको आहेत किंवा मिळत नाहीत, किंवा सोबत मोठं नैराश्य आहे, त्यांच्यासाठी सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या गोळ्या. परिणामाला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता येते आणि तिथेच बहुतेक जण सोडतात. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन देतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, काहींना वैयक्तिक पातळीवर होतो. पण तिनं उभं राहताच रक्तदाब पडू शकतो, आणि घंटा वाजताच बिछान्यातून उडी मारून पळणं हेच ज्याचं काम आहे, त्यानं आपली नोकरी काय आहे ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. सुरू करायचीच तर सुट्टीच्या रात्री.

तळटीप

पाचवा प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, लागू मे २०१८ पासून. कलम २३ प्रमाणे उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत, ‘साहेबांनी विचारलं’ हा त्यात नाही. कलम २१ प्रमाणे विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. त्या पदाला तो योग्य राहिला नाही तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. १०८ चे कर्मचारी ठेक्यावर असतात, त्यांच्यासाठी हे करारातच लिहून घेतलं पाहिजे.

तुमच्या पद्धतीत एवढं लिहा: प्रश्नावलीचा कागद उपचारकाकडे राहील, केंद्राकडे फक्त ‘कामास योग्य’, ‘मर्यादित कामास योग्य’ किंवा ‘तात्पुरता अयोग्य’ असा एक शेरा येईल. निदान येणार नाही. महिन्यानंतरची भेट सगळ्यांची ठेवा, म्हणजे ‘तो का गेला’ हा प्रश्नच उरत नाही.

गावात तज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे चौकशी करा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलतात. तो पहिला दरवाजा समजा. बारा बैठकांचा उपचार फोनवरच्या एका बोलण्यात होत नाही.

कदंब

एक राहिलं. ‘हलकं काम’ म्हणून माणसाला नियंत्रण कक्षात फोन घ्यायला बसवू नका. आत अडकलेल्या बाईचा आवाज फोनवर बंद होईपर्यंत ऐकणं हा आघातच आहे. कामाचा भाग म्हणून भीषण तपशिलांना वारंवार तोंड देणं, हे डीएसएम-५ या २०१३ च्या निदानपुस्तिकेतही निकषात धरलेलं आहे. नियंत्रण कक्षातले कर्मचारी तुमच्या महिन्यानंतरच्या यादीत असलेच पाहिजेत.

आणि उपचार संपला की फाइल बंद करू नका. एक, तीन आणि सहा महिन्यांनी पीसीएल-५ भरून घ्या. तशाच एखाद्या नव्या वर्दीनंतर आकडा पुन्हा चढला, तर सगळं पहिल्यापासून करायची गरज बहुधा नसते. त्याच उपचारकाकडे दोन-तीन बैठका घ्यायच्या आणि जुनी उतरंड अडली असेल त्या पायरीपासून पुढे न्यायची.